पांगुळगाड्यापासून गो-कार्टपर्यंत
मुलांबरोबर गाडी चालवण्याचा छंद : मजा किती, जोखीम किती?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आठवतात, सरफोजीराजांचा सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराचे उंच शिखर डोळ्यांपुढे येते. पण एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुटी लागली की या भागातल्या खेड्यांत आणखी एक गंमत पाहायला मिळते. हे दिवस ताडगोळ्यांचे. ताडगोळ्याला इकडे ‘नुंगु’ म्हणतात. आतला गर खाऊन झाला की मुले रिकामे फळ टाकून देत नाहीत. एका काठीच्या दोन टोकांना दोन फळे खोचली की चाके तयार. मग बेचक्याच्या लांब काठीने ती ढकलत पोरे गावभर धावत सुटतात. ही ‘नुंगु वंडी’, म्हणजे ताडगोळ्याची गाडी. पैसा लागत नाही, पेट्रोल लागत नाही आणि मोठ्यांची परवानगीही लागत नाही.

त्याहून लहान मुलांची गाडी घरातच असते. तीन चाकांची, लाकडी, उभे राहून ढकलायची. तमिळ घरांत तिला ‘नडैवंडी’ म्हणतात. आपला पांगुळगाडा तो हाच. मूल दांडी धरून पहिली पावले टाकते तेव्हा आई किंवा बाबा शेजारून चालत असतात. हात अगदी जवळ असतो, पण गाड्याला लावलेला नसतो. मूल पडेल असे वाटले तर धरायचे, नाही तर चालू द्यायचे. हात कधी लावायचा आणि कधी आवरायचा, हे आईबापांना कोणी शिकवावे लागत नाही.

पुढे मूल मोठे होते, सायकल येते आणि हा आवरलेला हात हळूहळू विसरला जातो. मूल आपल्या वाटेने, आईबाप आपल्या वाटेने. रविवारची दुपार एकाची टीव्हीपुढे जाते, दुसऱ्याची मोबाइलमध्ये. अशा घरांना एकत्र आणणारे जे काही नवे छंद गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आले, त्यांत गो-कार्टिंग हा एक आहे. वडील आणि मुलगी, आई आणि मुलगा एकाच ट्रॅकवर आपापली गाडी चालवतात, एकमेकांना मागे टाकायला बघतात आणि खाली उतरल्यावर तासभर त्यावरच बोलत राहतात.

मात्र हा पांगुळगाडा नाही. त्याला इंजिन आहे, वेग आहे आणि चुकीला किंमत आहे. म्हणून मुलाला घेऊन ट्रॅकवर जाण्याआधी पालकांनी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

गवत कापायच्या यंत्रातून जन्मलेली गाडी

गो-कार्टचा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थाने पहिली गाडी बनवली. शर्यतीच्या मोटारी बांधणे हा त्याचा पेशा. फावल्या वेळात त्याने लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला, त्याला चार छोटी चाके लावली आणि गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेले जेमतेम अडीच अश्वशक्तीचे इंजिन बसवले. पासाडेना येथील ‘रोज बोल’ क्रीडागाराच्या वाहनतळावर लोक अशा गाड्या घेऊन जमू लागले. पाहता पाहता हा खेळ देशोदेशी पसरला. १९६२ मध्ये जागतिक मोटार महासंघाने कार्टिंगसाठी स्वतंत्र आयोगच नेमला.

गाडीची रचना आजही तशीच साधी आहे. चालवणारा जमिनीपासून काही बोटेच वर बसतो. पायाशी फक्त दोन पॅडल असतात : उजवीकडे वेग वाढवायचे, डावीकडे ब्रेकचे. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना क्लच नाही, गिअर नाही. धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नाहीत. सांगाडाच किंचित वाकतो आणि स्प्रिंगेचे काम करतो. म्हणूनच ताशी ४०-५० किलोमीटरचा वेगसुद्धा मोटारीतल्या दुप्पट वेगासारखा वाटतो. मुलांना हे सारे थरारक वाटते यात नवल नाही.

या गाडीत एक शहाणी युक्ती आहे. आपल्या मोटारीत वळणावर बाहेरचे मागचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे यासाठी ‘डिफरन्शियल’ नावाची यंत्रणा असते. गो-कार्टला ती नसते. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात आणि एकाच वेगाने फिरतात. मग गाडी वळते कशी? स्टिअरिंग फिरवले की पुढच्या चाकांच्या तिरक्या बैठकीमुळे आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून हलके होते, उचलले जाते आणि गाडी वळून जाते. मुलाबरोबर एखाद्या थांबलेल्या कार्टशेजारी उकिडवे बसून हे पाहावे. शाळेतले विज्ञान पुस्तकाबाहेर कसे दिसते हे त्याला तिथे कळते.

तमिळनाडू : शर्यतींचे माहेर

तंजावरच्या कुटुंबाला या खेळाची जवळून ओळख करून घ्यायची तर आपले राज्य सोडावे लागत नाही. भारतातल्या मोटार शर्यतींची मुळे तमिळनाडूतच आहेत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. चेन्नईजवळ शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक विमानांची धावपट्टी होती. तिथे या क्लबच्या शर्यती होत. पुढे इरुंगाट्टुकोट्टै येथे क्लबने स्वतःचा ट्रॅक उभारला आणि आता त्याच परिसरात कार्टिंगसाठी ‘मद्रास इंटरनॅशनल कार्टिंग अरीना’ हा खास ट्रॅक आहे.

दुसरे ठिकाण कोइंबतूर. तंजावर स्टेशनवरून मयिलाडुतुरै–कोइंबतूर जनशताब्दी जाते. तिने तिरुच्ची, करूर, ईरोड करत तिथे पोचता येते. शहराबाहेर चेट्टिपाळैयम येथे ‘कारी मोटर स्पीडवे’ आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकला एस. करिवर्धन यांचे नाव दिले आहे. परदेशी शर्यतीच्या गाड्या सामान्य भारतीय तरुणाच्या आवाक्यात नाहीत हे ओळखून करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवलेली, स्वस्तातली शर्यतीची गाडी तयार केली. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्यांवर एक अख्खी पिढी शिकली.

या पिढीतले सर्वांत मोठे नाव नरेन कार्तिकेयन. त्याचे वडील जी. आर. कार्तिकेयन स्वतः रॅलीपटू. साउथ इंडिया रॅली त्यांनी सात वेळा जिंकली. नरेनच्या लहानपणी आपल्याकडे आजच्यासारखे कार्टिंगचे ट्रॅक नव्हते. त्याची पहिली शर्यत झाली ती थेट फॉर्म्युला मारुतीत. १९९२ मध्ये तो फ्रान्समधल्या शर्यतीच्या शाळेत गेला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला.

त्याच्यानंतर फॉर्म्युला वनपर्यंत पोचला तो चेन्नईचा करुण चंढोक. त्याच्या घरात तर हा छंद तीन पिढ्यांचा. आजोबा इंदू चंढोक हे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी एक, वडील विकी चंढोक शर्यतीत आणि रॅलीत भाग घेणारे. करुणने २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. चेन्नईचेच अकबर इब्राहिम आणि त्यांचा मुलगा अरमान ही आणखी एक बापलेकाची जोडी. वडिलांनी स्वतः शर्यती केल्या, मुलाला घडवले आणि कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवून इतरांच्या मुलांनाही वाट करून दिली.

आपल्याकडेही हे वारे पोचले आहे. कोल्हापूरजवळ हुपरी रस्त्यावर मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे आणि तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कुस्तीच्या गावाने मोटार शर्यतीतही नाव काढले असून कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला-३ स्पर्धेपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच वर आला. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर घेतलेल्या शोधमोहिमेत निवडलेल्या तीन मुलांत तो होता. डिसेंबर २०२० मध्ये बहारीन येथे फॉर्म्युला-२ ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. वडोदऱ्याची मीरा एर्डा वयाच्या नवव्या वर्षी कार्ट चालवू लागली. तिच्या वडिलांनी शहरात गो-कार्टचा ट्रॅकच सुरू केला होता. तेव्हा हा खेळ मुलग्यांचा, असे म्हणण्याचे कारण नाही.

बाबा मागे का पडतात?

बहुतेक कुटुंबांना पहिल्याच दिवशी एक धक्का बसतो. वीस वर्षे मोटार चालवणारे वडील आत्मविश्वासाने बसतात आणि काही फेऱ्यांतच बारा-तेरा वर्षांची मुलगी त्यांना मागे टाकून जाते. खाली उतरल्यावर वडील हमखास म्हणतात, “माझी गाडीच कमी पळत होती!”

त्यात थोडे तथ्यही असते. दोघांच्या गाडीला सारखेच इंजिन असेल, तर ८० किलोच्या माणसापेक्षा ४० किलोच्या मुलीला ते जास्त जोमाने ओढणार. वळणातून बाहेर पडताना हा फरक स्पष्ट दिसतो. म्हणूनच खऱ्या स्पर्धांत गाडी आणि चालक मिळून किमान वजन ठरलेले असते आणि हलक्या स्पर्धकाच्या आसनाला शिशाचे तुकडे बोल्टने लावावे लागतात.

पण वजन हे एकच कारण नसते. मोठी माणसे रस्त्यावरच्या सवयी घेऊन येतात. वळणात शिरेपर्यंत वेग ठेवतात आणि ऐन वळणात ब्रेक दाबतात. तिथे गाडी घसरते, वेग जातो. शिकवणारे सांगतात, की ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाआधीच दाबावा. वळणात बाहेरच्या कडेने शिरावे, मधोमध आतली कड गाठावी आणि पुन्हा बाहेरच्या कडेने निघावे. म्हणजे वळण जास्तीत जास्त सरळ होते. जो सावकाश शिरतो तो वेगाने बाहेर पडतो. मुले हे पटकन उचलतात, कारण त्यांना विसरण्यासारखे काही नसते.

आणि खरा लाभ इथेच आहे. घरात वडील सांगतात आणि मुलगा ऐकतो. अभ्यास, जेवण, झोप सगळीकडे हाच प्रघात. ट्रॅकवर प्रथमच मुलगा बाबांना सांगू लागतो, “बाबा, त्या तिसऱ्या वळणावर तुम्ही फार उशिरा ब्रेक लावता.” हे ऐकून घेणारा बाप मुलाला फार मोठी गोष्ट देतो. आपले बोलणे मोठ्यांच्या उपयोगी पडते, हा अनुभव वाढत्या वयात क्वचित मिळतो. मुद्दाम हरून मुलाला खूश करण्याची मात्र गरज नाही. मुलांना ते लगेच कळते. मन लावून चालवावे, हरलो तर हसून कबूल करावे. हरल्यावर कसे वागावे हे मुले वडिलांकडे बघूनच शिकतात.

छंद कोणाचा, मुलाचा की आपला?

मुलगा चार वेळा पहिला आला की पालकांच्या मनात वेगळेच विचार सुरू होतात. प्रशिक्षक, स्पर्धा, परवाना, फॉर्म्युला वन! इथे क्षणभर थांबावे.

जर्मनीच्या मायकेल शूमाकरचे वडील रोल्फ गवंडीकाम करत. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पॅडलच्या गाडीला छोटे मोपेडचे इंजिन बसवून दिले. मुलाने ती दिव्याच्या खांबावर आदळली. रोल्फ यांनी ना गाडी काढून घेतली ना त्याला रस्त्यावर मोकळे सोडले. ते त्याला केर्पन गावच्या कार्टिंग ट्रॅकवर घेऊन गेले. पुढे वडील त्या ट्रॅकवर गाड्या दुरुस्त करू लागले, आई तिथले उपाहारगृह सांभाळू लागली. नवे इंजिन घेण्याची ऐपत घरात नव्हती, तेव्हा गावातल्या व्यावसायिकांनी हात दिला. हाच मुलगा पुढे सात वेळा जगज्जेता झाला.

सात विजेतेपदांची बरोबरी २०२० मध्ये करणारा लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षापासून कार्ट शर्यतीत उतरला. त्याचे वडील अँथनी यांनी एकच अट घातली होती : शाळेत नीट अभ्यास केलास तरच शर्यत. मुलाच्या खर्चासाठी त्यांनी एका वेळी अनेक नोकऱ्या केल्या. पुढे तेच त्याचे व्यवस्थापक झाले. पण २०१० मध्ये, मुलगा जगज्जेता झाल्यावर, दोघांचे व्यावसायिक नाते संपले आणि मधला काही काळ घरातही ताण राहिला. बाप आणि व्यवस्थापक या दोन खुर्च्यांवर एकाच वेळी बसणे इतक्या जिवाभावाच्या जोडीलाही अवघड गेले.

हे दोघे लाखांत एक. केर्पनच्या ट्रॅकवर त्या काळात शूमाकरबरोबर आणखी कितीतरी मुले आली असतील. ती आज दुकानात, कचेरीत, शाळेत काम करत असतील. त्यांच्या रविवारांचे काय झाले? वडिलांबरोबर घालवलेल्या त्या दुपारी वाया गेल्या असे कोणी म्हणेल का? म्हणून छंद करायचा तर त्या दुपारींसाठी करावा.

शर्यती हे फार खर्चाचे प्रकरण आहे. टायर झिजतात, इंजिन उघडावे लागते, गावोगाव प्रवास करावा लागतो. त्यात घरातली बचत घालण्याआधी मुलाला एकदा शांतपणे विचारावे, “तुला हे हवे आहे की आम्हाला हवे आहे म्हणून तू करतोस?” परतीच्या प्रवासात मूल गप्प असेल, शनिवारी रात्री त्याच्या पोटात दुखू लागत असेल, तर उत्तर मिळाले असे समजावे. महिना-दोन महिन्यांतून एकदा भाड्याच्या गाडीवर दहा-पंधरा मिनिटे, एवढ्यावरही हा छंद उत्तम चालतो.

ओढणी, पदर आणि वेणी

आता सर्वांत महत्त्वाचे. गो-कार्टमध्ये चालकाच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, मागचा दांडा उघडा फिरत असतो. त्यावर झाकण असावे, पण सगळीकडे ते असतेच असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये हरियाणातल्या पिंजोर येथे कुटुंबासोबत सहलीला आलेल्या एका तरुणीचे केस गाडीच्या फिरत्या भागात अडकले आणि ती जागीच गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादमध्ये एका विद्यार्थिनीचा मृत्यू याच प्रकारे झाला. दोघीही मजेसाठी गेल्या होत्या. केस नीट बांधलेले असते आणि गाडीचा दांडा झाकलेला असता, तर दोघीही घरी परतल्या असत्या.

म्हणून आयांनी आणि मुलींनी लांब केस घट्ट बांधून, अंबाडा घालून शर्टाच्या आत किंवा हेल्मेटखालच्या कापडी टोपीत पूर्ण झाकावेत. हेल्मेटखालून लोंबणारी वेणी मुळीच चालणार नाही. ओढणी, स्कार्फ, साडीचा पदर, लांब माळ, मंगळसूत्र, लोंबते डूल हे सारे काढून किंवा आत खोचून ठेवावे. साडी नेसून गाडीत बसूच नये. चपला नकोत, पाऊल झाकणारे बूट हवेत आणि त्यांच्या नाड्या आत खोचलेल्या असाव्यात.

ट्रॅक निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनमध्ये आग लागून २७ जण मृत्युमुखी पडले. त्यात मुलेही होती. तिथे गो-कार्टिंगचीही सोय होती आणि अग्निशमन दलाचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. तेव्हा तिकीट काढण्याआधी पालकांनी संकोच न करता पुढील गोष्टी पाहाव्यात.

बाहेर पडण्याचे मार्ग किती आहेत आणि ते मोकळे आहेत का? आग विझवण्याची साधने दिसतात का? पेट्रोलचे डबे लोकांच्या वावरापासून दूर ठेवले आहेत का? गाडीच्या मागच्या दांड्यावर आणि साखळीवर झाकण आहे का? ट्रॅकच्या कडेला टायरांचे किंवा प्लास्टिकचे मऊ कठडे आहेत का? झेंडे घेऊन उभे राहणारे कर्मचारी आहेत की एकच मुलगा तिकीटही फाडतो आणि गाड्याही सोडतो? हेल्मेट वेगवेगळ्या मापांची आहेत का? लहान मुलांना मोठ्यांबरोबर एकाच फेरीत सोडतात का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे मनासारखी आली नाहीत तर मुलाने कितीही हट्ट केला तरी परत फिरावे. आवरलेला हात पुढे करण्याची हीच वेळ.

हेल्मेट डोक्यावर घट्ट बसले पाहिजे. हनुवटीचा पट्टा लावून मान हलवली तर ते डोक्याबरोबर हलावे, स्वतंत्रपणे नको. गाडीला आसनपट्टा असेल तर लावावाच. स्पर्धेच्या गाड्यांना तो नसतो, कारण तिथे डोक्यावर संरक्षक सांगाडाही नसतो. पण भाड्याच्या गाड्यांची रचना वेगळी असते, तेव्हा त्या ठिकाणचा नियम पाळावा. गाडी थांबल्यावर लगेच इंजिनाला किंवा धुराड्याला हात लावू नये, चांगलाच चटका बसतो. गरोदर स्त्रियांनी, पाठीचा, मानेचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी हा मोह टाळावा.

पहिला दिवस

मूल लहान असेल आणि त्याचे पाय पॅडलपर्यंत पोचत नसतील, तर काही ठिकाणी दोन आसनांची गाडी असते. तिच्यात मोठ्यांनी चालवायचे आणि मुलाने शेजारी बसायचे. स्वतंत्र गाडीसाठी ट्रॅकवर उंचीची आणि वयाची अट असते. मुलाचे वय वाढवून सांगून ती मोडू नये. ज्या मुलासमोर आपण खोटे बोलतो, त्याच मुलाने झेंडा पाहून थांबावे ही अपेक्षा मग कशी करायची?

झेंड्यांची भाषा घरीच शिकवावी. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणाला मागे टाकू नका. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. लाल म्हणजे फेरी थांबली, सावकाश व्हा आणि सांगतील तिथे थांबा. काळा-पांढरा चौकटींचा म्हणजे फेरी संपली. जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद दाखवून हा खेळ खेळता येतो. लहान मुले तो मोठ्यांपेक्षा चटकन शिकतात आणि चुकल्यावर आजीलासुद्धा दंड करतात.

पहिल्या काही फेऱ्या सावकाश माराव्यात. दोन्ही पॅडल एकदम दाबू नयेत. गाडी गोल फिरून थांबली तर उतरून पळू नये. हात वर करून कर्मचाऱ्याची वाट पाहावी. मुलगा चालवत असताना कठड्यापाशी उभे राहून “आणखी जोरात!” असे ओरडू नये. त्याला ते ऐकू येत नाही आणि आले तर त्याचे लक्ष उडते. फेरी संपल्यावर पहिला प्रश्न “कितवा आलास?” हा नसावा. “मजा आली का?” हा असावा.

गोडी टिकली आणि मुलाला खरोखर स्पर्धेत उतरायचे असेल, तर भारतीय मोटार क्रीडा महासंघाचा परवाना घ्यावा लागतो. तिथे वयानुसार गट असतात, गाडीची तपासणी होते आणि शिकवणारेही भेटतात.

ट्रॅक म्हणजे रस्ता नाही

या छंदाविषयी एक भीती बोलून दाखवली जाते. लहान वयात गाडी हाती दिली तर मुलगा उद्या रस्त्यावर स्कूटर पळवणार नाही का? भीती निराधार नाही. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. या घटनेने महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच प्रश्न उभा केला : अशा वयात किल्ली हाती येतेच कशी?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने याचे उत्तर पालकांकडेच मागितले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

तेव्हा कार्टिंगला जाणाऱ्या घराने एक नियम स्पष्ट सांगून ठेवावा. वेग ट्रॅकवर, हेल्मेट घालून, सगळे एकाच दिशेने जात असताना. रस्त्यावर समोरून बैलगाडी येते, कुत्रे आडवे येते, म्हातारी माणसे चालतात. आणि वडील स्वतः घरी जाताना हेल्मेट हँडलला अडकवून, सिग्नल तोडून स्कूटर चालवणार असतील, तर ट्रॅकवर शिकवलेले सारे दारातच पुसले जाईल.

ट्रॅक लांब असेल तर?

तंजावरहून चेन्नई किंवा कोइंबतूरला जाणे म्हणजे दोन दिवसांचा खर्च. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांचीही हीच स्थिती. म्हणून काही बिघडत नाही. आपल्या लहानपणची बेअरिंगची गाडी आठवा. एक जाड फळी, गॅरेजवाल्याकडून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, मागे एका आडव्या दांड्याला दोन, पुढे एक. पुढचा आडवा दांडा मधोमध एका बोल्टवर फिरता ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोरी बांधायची. झाले स्टिअरिंग. सुटीतल्या दोन सकाळी त्यात सहज जातात. करवत कशी धरायची, बोल्ट किती आवळायचा, चाक घासते कुठे, हे सारे मूल हाताने शिकते. ती चालवायची मात्र बंद आवारात किंवा शाळेच्या मोकळ्या फरशीवर. उताराच्या रस्त्यावर मुळीच नाही.

कावेरीच्या खोऱ्यात तर उतार मिळायचाच नाही. जिकडे बघावे तिकडे सपाट भातशेती. तिथे बेअरिंगच्या गाडीला कोणीतरी मागून ढकलावेच लागणार. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने वळवायचे. दहा पावलांनंतर बाबांना दम लागतो आणि गाडीवर बसलेले पोर ओरडते, “अजून, अजून!” मग बाबा एक जोराचा धक्का देतात आणि हात काढून घेतात. गाडी फरशीवर खडखडत पुढे जाते. आता दोरी मुलाच्या हाती असते आणि बाबा मागून, चार पावलांचे अंतर ठेवून, धावत असतात.